मराठीच्या आधाराने कोरियन : पूर्णवेळ नोकरी करणाऱ्यांसाठी पहिल्या वर्षाचा आराखडा

पुणे जिल्ह्यातील चाकण, तळेगाव आणि रांजणगाव या औद्योगिक पट्ट्यात काम करणाऱ्यांना कोरियन भाषेची गरज आता दूरची वाटत नाही. रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, तळेगावचा जनरल मोटर्सचा जुना प्रकल्प ह्युंदाईने घेतला आहे, चाकणला ह्युंदाईच्या बांधकाम यंत्रांचा कारखाना आहे, आणि रायगड जिल्ह्यात माणगावजवळ विळे-भागाड येथे पॉस्कोचा पोलाद प्रकल्प आहे. या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांत गुणवत्ता, खरेदी किंवा हिशेब विभागात बसणाऱ्या माणसाचा कोरियन साहेबांशी रोज संबंध येतो. मी अशाच एका कारखान्याच्या हिशेब विभागात आहे आणि गेली काही वर्षे नोकरी सांभाळून कोरियन शिकते आहे. दिवसाचे दहा-अकरा तास कामात आणि प्रवासात जाणाऱ्या मराठी माणसाने पहिल्या वर्षी काय, कोणत्या क्रमाने आणि किती करावे, ते येथे मांडले आहे.

या संपूर्ण आराखड्यामागे एकच धारणा आहे. कोरियन इंग्रजीतून शिकू नये, मराठीतून शिकावी. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था कोरियनला सर्वांत अवघड गटात ठेवते आणि तिच्यासाठी 2200 वर्गतास धरते. पण तो हिशेब इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाचा आहे, ज्याला क्रियापद वाक्याच्या शेवटी नेण्यापासून सारे नव्याने शिकावे लागते. मराठी माणूस क्रियापद शेवटीच ठेवतो, नामाला प्रत्यय लावतो, आदरार्थी रूपे बोलतो आणि शाळेत संधी सोडवून आलेला असतो. सुरुवातीचे आठ महिने मी प्रत्येक कोरियन वाक्य आधी इंग्रजीत उलटे करून समजून घेत होते आणि मग ते मनातल्या मनात पुन्हा सुलटे करत होते. हा दुहेरी फेरा बंद केल्यावर जो वेळ वाचला, तो मराठी जिथे मदत करत नाही अशा ठिकाणी, म्हणजे उच्चार, श्रवण आणि शब्दसंग्रह यांवर लावता आला. नोकरदाराकडे वेळ हेच भांडवल असल्यामुळे तो कुठे वाचतो आणि कुठे लावायचा, हे आधी ठरवावे लागते.

वेळेचा हिशेब

पहिली पायरी पुस्तक उघडण्याची नसून घड्याळाकडे पाहण्याची आहे. सकाळी घरातून निघण्यापूर्वी 30 मिनिटे, कंपनीच्या बसमध्ये एका बाजूच्या प्रवासात 30 मिनिटे आणि रात्री झोपण्यापूर्वी 15 मिनिटे असे आठवड्यातील पाच दिवस धरले, तर सव्वासहा तास होतात. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, मग ती रविवारी असो की गुरुवारी, सलग दोन तास मिळाले की आठवड्याचे सव्वाआठ तास भरतात. आजारपण, लग्नकार्ये, गणपती आणि दिवाळी वजा करून वर्षाचे 48 आठवडे धरले, तर हाती सुमारे 400 तास येतात. एवढ्या तासांत नियमित अभ्यास करणारा मराठी माणूस टोपिक या कोरियन भाषा परीक्षेच्या दुसऱ्या स्तरापर्यंत पोहोचू शकतो, असे माझे मत आहे.

या तीन वेळांना तीन वेगळी कामे नेमून द्यावीत आणि त्यांची अदलाबदल करू नये. सकाळचे डोके ताजे असते, म्हणून नवे व्याकरण आणि नवे शब्द सकाळी घ्यावेत. बसमध्ये फक्त ऐकावे, कारण हलत्या बसमध्ये वाचल्याने डोके दुखते आणि लिहिता तर येतच नाही. रात्री केवळ उजळणी करावी. दिवसभर आकड्यांशी झटल्यानंतर रात्री दहा वाजता नवे व्याकरण समजून घेण्याचा हट्ट मी बराच काळ धरला होता आणि त्या काळात शिकलेले जवळजवळ सगळे मला पुन्हा शिकावे लागले. सुट्टीचे दोन तास लिहिण्यासाठी आणि बोलण्यासाठी राखून ठेवावेत.

लिपीसाठी दहा दिवस

कोरियन लिपीला हांगुल म्हणतात. राजा सेजोंग याने ती 1443 मध्ये तयार केली आणि 1446 मध्ये लोकांसमोर ठेवली. तिच्यात 14 मूळ व्यंजने आणि 10 मूळ स्वर आहेत. जोडव्यंजने आणि संयुक्त स्वर धरले की 19 व्यंजने आणि 21 स्वर होतात. मूळ व्यंजनांचे आकार बोलताना तोंडात जे घडते त्यावरून घेतले आहेत. ग या ध्वनीचे अक्षर घशाकडे उचललेल्या जिभेच्या मागच्या भागासारखे आहे, न चे अक्षर टाळूला टेकलेल्या जिभेसारखे, आणि म चे अक्षर मिटलेल्या तोंडाचा चौकोन आहे. महाप्राण ध्वनी हवा असेल तर मूळ अक्षरात एक रेघ वाढवतात. कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य अशी वर्णमाला लहानपणी पाठ केलेल्या माणसाला ही रचना चटकन ओळखीची वाटते.

दररोज चार-पाच अक्षरे हाताने वहीत लिहावीत आणि स्वर व व्यंजन मिळून चौकोनात अक्षर कसे बसते ते पाहावे. आपण काना-मात्रा व्यंजनाभोवती लावतो, त्याप्रमाणे तेथे स्वर व्यंजनाच्या उजवीकडे किंवा खाली बसतो आणि शेवटचे व्यंजन तळाशी जाते. सहाव्या-सातव्या दिवशी मोबाइलमध्ये कोरियन कळफलक सुरू करावा. त्यात व्यंजने डावीकडे आणि स्वर उजवीकडे असतात, त्यामुळे बोटांना सवय लवकर लागते. दहाव्या दिवसानंतर कोरियन शब्द देवनागरीत लिहिणे पूर्ण बंद करावे. या लेखात वाचकाच्या सोयीसाठी मी कोरियन शब्द देवनागरीत देते आहे, पण तो केवळ अंदाजाचा उच्चार आहे आणि वहीत ही सवय ठेवली तर उच्चार कायमचा बिघडतो.

उच्चार आणि संधी

मराठीत क, ख, ग, घ असे चार ध्वनी आहेत आणि कोरियनमध्ये त्या जागी तीन आहेत, म्हणून हे सोपे असेल असा समज होतो. तसे ते नाही. महाप्राण कोरियन ध्वनी आपल्या ख, थ, फ यांच्या जवळचा आहे. घट्ट उच्चारला जाणारा ध्वनी आपल्या क, त, प यांच्या जवळचा आहे, फक्त घशावर थोडा ताण देऊन म्हणायचा. खरी अडचण तिसऱ्या, साध्या ध्वनीची आहे. दोन स्वरांच्या मध्ये आला की तो स्पष्ट ग, द, ब असा ऐकू येतो, पण शब्दाच्या सुरुवातीला तो क आणि ख यांच्या मधला, थोडी हवा सोडणारा होतो, आणि सोलच्या बोलीत त्याची ओळख मुख्यतः खालच्या स्वरपट्टीवरून पटते. आग, गवत आणि शिंग या तीन अर्थांचे कोरियन शब्द अनुक्रमे पुल, फुल आणि प्पुल असे आहेत. पहिला खालच्या पट्टीत सुरू होतो, उरलेले दोन वरच्या पट्टीत. अशी त्रिकुटे रोज पाच मिनिटे ऐकून, स्वतःचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून मूळ आवाजाशी ताडून पाहावीत. फुल म्हणताना आपल्याकडे अनेकांचा फ दातओठी होतो, तो होऊ देऊ नये. फणस म्हणताना जुन्या माणसांचे दोन्ही ओठ मिटतात, तसे मिटावेत.

ज च्या बाबतीत मराठी माणसाने विशेष सावध राहावे. जीवन या शब्दातील तालव्य ज कोरियनमध्ये चालतो. जागा या शब्दातील दंत्य ज चालत नाही. र आणि ल साठी तेथे एकच अक्षर आहे, जे दोन स्वरांमध्ये र सारखे आणि शब्दाच्या शेवटी ल सारखे वाजते. स्वरांपैकी दोन नवे आहेत : एक अ आणि ऑ यांच्या मधला, ज्यासाठी मी येथे ऑ लिहिते, आणि दुसरा ओठ गोल न करता, हसताना पसरतात तसे पसरून म्हटलेला उ.

मात्र ज्या भागाला बहुतेक विद्यार्थी घाबरतात, तेथे आपण पुढे असतो. लिहिलेले एक आणि बोललेले वेगळे, अशी कोरियनची तक्रार केली जाते. पण ते वेगळेपण नियमबद्ध आहे आणि ते नियम आपण व्यंजनसंधीच्या नावाने शाळेत केले आहेत. वाक् आणि मय मिळून वाङ्मय होते, तसेच गुक म्हणजे सूप आणि मुल म्हणजे पाणी मिळून रश्शाला गुङ्मुल म्हणतात. जगत् आणि नाथ मिळून जगन्नाथ होताना स्पर्शव्यंजनाच्या जागी त्याच वर्गातले अनुनासिक येते. त्याच कारणाने हाप आणि निदा असे लिहिलेले हाम्निदा असे बोलले जाते, आणि मालिका पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असलेला गाम्साहाम्निदा हा आभाराचा शब्द त्यातून येतो. तल्लीन या शब्दात ल ने शेजारच्या व्यंजनाला आपल्यासारखे केले आहे. जेजू बेटावरच्या पर्वताचे नाव हान आणि ला असे लिहून हाल्ला असे म्हणतात, तेथेही ल चा स्वभाव तोच आहे. शब्दाच्या शेवटी कोणतेही व्यंजन लिहिले असले, तरी उच्चारात क, त, प, न, म, ङ आणि ल हे सातच ध्वनी उरतात, एवढा एक नियम वेगळा पाठ करावा. उच्चार आणि संधी मिळून तीन आठवडे द्यावेत आणि घाईने व्याकरणाकडे जाऊ नये.

व्याकरण मराठीतून

पहिल्या दोन महिन्यांत वर्तमान, भूत, भविष्य, नकार आणि प्रश्न ही मूळ रूपे करून घ्यावीत. क्रियापदाला लिंग, वचन आणि पुरुष यांचे ओझे नाही. मी जातो, ती जाते, ते जातात या सर्वांना गायो हे एकच रूप पुरते. मराठीत सकर्मक भूतकाळात लागणारा ने हा प्रत्यय आणि कर्माप्रमाणे बदलणारे क्रियापदही तेथे नाही, म्हणून ते शोधत बसू नये. विशेषणे मात्र क्रियापदांसारखी चालतात, म्हणजे गोड आहे यातील आहे वेगळे न येता गोड या शब्दालाच काळ लागतो.

तिसऱ्या महिन्यापासून मराठीचा मोठा आधार मिळू लागतो आणि तो मला अजूनही थक्क करतो. आपण एका क्रियापदाला दुसरे जोडून अर्थाची छटा आणतो : खाऊन बघणे, करून देणे, लिहून ठेवणे, खाऊन टाकणे, घेऊन येणे. कोरियन भाषा हेच करते आणि बहुतेक वेळा त्याच अर्थाचे दुसरे क्रियापद वापरते. मॉगॉ म्हणजे खाऊन आणि बोदा म्हणजे बघणे, म्हणून मॉगॉ ब्वायो म्हणजे खाऊन बघा. जुदा म्हणजे देणे, म्हणून हे जुसेयो म्हणजे करून द्या. दुदा म्हणजे ठेवणे, म्हणून जॉगॉ दुसेयो म्हणजे लिहून ठेवा. बॉरिदा म्हणजे टाकून देणे, म्हणून मॉगॉ बॉर्यॉस्सॉयो म्हणजे खाऊन टाकले, आणि त्यात मराठीसारखीच काम उरकल्याची किंवा हळहळीची छटा येते. इंग्रजीतून शिकणाऱ्याला यातील प्रत्येक जोडीसाठी स्वतंत्र धडा आणि लांब स्पष्टीकरण लागते. मराठी माणसाने सरळ मराठी जोडी समोर लिहावी आणि पुढे जावे.

विशेषणासारख्या येणाऱ्या क्रियापद-रूपांचेही तसेच आहे. वाचणारा माणूस, वाचलेले पुस्तक, वाचायचे पुस्तक ही तीन रूपे कोरियनमध्ये इङ्नुन साराम, इल्गुन छेक आणि इल्गुल छेक अशी होतात. णारा, लेला आणि यचा यांच्या जागी तीन प्रत्यय आहेत, ते नामाच्या आधी येतात आणि इंग्रजीसारखे जो, जी, जे जोडणारे शब्द लागत नाहीत. करत आहे याला हागो इस्सॉयो, म्हणजे अक्षरशः करत आणि आहे. दुसऱ्याचे बोलणे सांगताना आपण येतो म्हणून सांगितले असे म्हणतो. कोरियनमध्ये ओन्दागो हेस्सॉयो, जेथे शेवटचा गो आपल्या म्हणून चे काम करतो. मला चहा आवडतो या वाक्यात चहा हा कर्ता असतो, आणि जॉनुन छागा जोआयो या वाक्यातही छा ला कर्त्याचाच प्रत्यय लागतो. छा म्हणजे चहा, आणि दोन्ही शब्दांचे मूळ एकच, चिनी आहे.

ज्या ठिकाणी मराठी फसवते, ती ठिकाणे वहीच्या शेवटच्या पानावर वेगळी लिहावीत. माझ्या मते पहिल्या वर्षी त्यांतील तीन महत्त्वाची आहेत. पहिले म्हणजे त हा प्रत्यय. कंपनीत आहे आणि कंपनीत काम करते या दोन्हींत आपण त वापरतो, पण कोरियनमध्ये नुसते असणे किंवा कुठे तरी जाणे यासाठी ए येतो आणि तेथे काही कृती घडत असेल तर एसॉ येतो. शिवाय कंपनीतून आले यातील तून साठीही एसॉच असतो. दुसरे म्हणजे म्हणून या अर्थाचे दोन प्रत्यय. पाऊस पडतोय म्हणून छत्री घ्या अशा वाक्यात पुढे आज्ञा किंवा सूचना असेल तर निक्का हाच प्रत्यय चालतो; सॉ हा दुसरा प्रत्यय तेथे चुकीचा ठरतो, जरी मराठीत दोन्हींचा अर्थ सारखाच वाटत असला.

तिसरे ठिकाण सर्वांत कठीण आहे आणि ते एका वर्षात पूर्ण सुटेल अशी अपेक्षा ठेवू नये. ते म्हणजे नामाला लागणाऱ्या नुन आणि गा या प्रत्ययांतील फरक, जे व्यंजनानंतर उन आणि ई असे होतात. दोन्ही मराठीत प्रथमेतच येतात. मला उपयोगी पडलेली कसोटी अशी : वाक्यात म्हणशील तर किंवा मात्र घालून अर्थ टिकत असेल तर नुन, आणि कोण किंवा काय या प्रश्नाचे उत्तर म्हणून च लावावासा वाटत असेल तर गा. चहा म्हणशील तर मी पिते, कॉफी मात्र नाही, येथे दोन्ही ठिकाणी नुन येईल. कोण आले, याला ताईच आली असे उत्तर देताना गा येईल. ही कसोटी प्रत्येक वेळी पुरत नाही, पण पहिल्या वर्षीच्या बहुतेक वाक्यांना पुरते.

शब्द, आणि शब्दांची कुळे

टोपिकचा पहिला स्तर सुमारे 800 आणि दुसरा स्तर 1500 ते 2000 शब्द गृहीत धरतो. आठवड्यातील पाच दिवस रोज 8 नवे शब्द घेतले, तर 48 आठवड्यांत 1920 शब्द होतात आणि गणित बरोबर जमते. यासाठी अंकीसारखे, ठरावीक अंतराने उजळणी करून घेणारे साधन वापरावे. संगणकावर आणि अँड्रॉइडवर ते विनामूल्य आहे. प्रत्येक कार्डावर सुटा शब्द न लिहिता एक छोटे वाक्य आणि त्याचा आवाज ठेवावा, आणि अर्थ मराठीत लिहावा. सुरुवातीच्या उत्साहात रोज 25 शब्द घेणाऱ्यांची दोन महिन्यांनी उजळणीचीच कार्डे दररोज दोनशेच्या घरात जातात आणि मग सारा अभ्यास सुटतो.

कोरियन शब्दसंग्रहाचा मोठा भाग चिनी मुळांचा आहे आणि त्याचे भाषेतील स्थान आपल्या तत्सम शब्दांसारखे आहे. विद्या या एका शब्दावरून आपण विद्यार्थी, विद्यालय आणि विद्यापीठ ओळखतो, तसे हाक म्हणजे शिकणे हे मूळ कळले की हाक्सेंग म्हणजे विद्यार्थी, हाक्क्यो म्हणजे शाळा, देहाक म्हणजे महाविद्यालय किंवा विद्यापीठ आणि ग्वाहाक म्हणजे विज्ञान हे शब्द एका कुळात बसतात. ह्वे म्हणजे एकत्र जमणे. त्यावरून ह्वेसा म्हणजे कंपनी, ह्वेई म्हणजे बैठक आणि ह्वेवॉन म्हणजे सभासद. चौथ्या महिन्यापासून दर आठवड्याला असे एक कूळ वहीच्या एका पानावर मांडावे. आपल्या कामाचे शब्द सुरुवातीपासूनच घ्यावेत, कारण ते दिवसातून दहा वेळा कानावर पडतात : फुम्जिल म्हणजे गुणवत्ता, बुल्ल्यांग म्हणजे सदोष माल, गॉम्सा म्हणजे तपासणी, सेंग्सान म्हणजे उत्पादन, नाप्की म्हणजे माल पोहोचवण्याची मुदत, ग्यॉन्जॉक म्हणजे दरपत्रक.

अंकांना मात्र स्वतंत्र आठवडा द्यावा. कोरियनमध्ये देशी आणि चिनी मुळाच्या अशा दोन संख्यामाला आहेत. तास देशी अंकांनी आणि मिनिटे चिनी अंकांनी सांगतात, त्यामुळे साडेतीन म्हणताना पहिल्या तीनला से आणि तीसमधल्या तीनला साम म्हणावे लागते. पैसे, तारखा आणि दूरध्वनी क्रमांक चिनी अंकांत, तर वस्तूंची गणना आणि बोलण्यातले वय देशी अंकांत. मोठ्या रकमा हजारावर किंवा लाखावर न मोजता दहा हजारावर मोजतात, ज्याला मान म्हणतात. एक लाख म्हणजे दहा मान, आणि वर सांगितलेल्या संधीने शिप व मान मिळून शिम्मान. एक कोटी म्हणजे हजार मान, छॉन्मान. दहा कोटींना इरॉक. हिशेब विभागातील माणसाने बसमध्ये समोर दिसणाऱ्या गाड्यांचे क्रमांक आणि आदल्या दिवशीच्या बिलांच्या रकमा मनात कोरियनमध्ये म्हणाव्यात. एका महिन्यात लाख-कोटींचे रूपांतर आपोआप होऊ लागते.

ऐकणे

बसमधील अर्ध्या तासात एकच दोन-तीन मिनिटांचा संवाद संपूर्ण आठवडाभर ऐकावा. सोमवारी मजकूर न पाहता ऐकावे, मंगळवारी थांब्यावर उभे असताना मजकूर वाचून घ्यावा, बुधवारपासून ओठांतल्या ओठांत वक्त्याच्या मागोमाग बोलावे आणि सुट्टीच्या दिवशी तोच संवाद ऐकून वहीत लिहावा. या श्रुतलेखनाला कोरियन शाळांत बादास्सुगी म्हणतात आणि संधीचे नियम कानात बसण्यासाठी त्याच्यासारखा दुसरा उपाय मला सापडला नाही. किंग सेजोंग इन्स्टिट्यूटचे ऑनलाइन अभ्यासक्रम आणि टॉक टू मी इन कोरियन यांच्या सुरुवातीच्या ध्वनिफिती या कामी पुरेशा आहेत. मालिका पाहायच्या असतील तर जरूर पाहाव्यात, पण तो वेळ 400 तासांत धरू नये, कारण मराठी किंवा इंग्रजी अक्षरे खाली दिसत असताना डोळे वाचतात आणि कान विश्रांती घेतात.

बोलणे, आणि कोणाला काय म्हणायचे

पाचव्या महिन्यापासून आठवड्यातून एकदा अर्धा तास एखाद्या कोरियन शिक्षकाशी किंवा भाषा-मित्राशी ऑनलाइन बोलावे. कोरियाचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. कामावरून आल्यावर आपण रात्री आठ वाजता बसलो तर तेथे साडेअकरा झालेले असतात, म्हणून सुट्टीच्या दिवशी सकाळची वेळ घ्यावी; आपले सात म्हणजे तेथील साडेदहा. बोलण्यापूर्वी त्या आठवड्यात घडलेल्या गोष्टींवर पाच वाक्ये लिहून ठेवावीत आणि शिक्षकाला फक्त त्या वाक्यांतील चुका दुरुस्त करायला सांगावे. गप्पा मारू या असे ठरवून बसले की पहिल्या वर्षी दर वेळी त्याच ओळखीच्या दहा वाक्यांवर वेळ जातो.

आदरार्थी बोलण्याची भीती इंग्रजी पुस्तके फार घालतात. मराठी माणसाला त्यातील मुख्य गोष्ट आधीच येते. मित्राला आपण म्हणतो, साहेब आले रे. यातील आले हे साहेबांविषयीचा आदर दाखवते आणि रे हे मित्राशी असलेली सलगी दाखवते, म्हणजे ज्याच्याविषयी बोलतो तो आणि ज्याच्याशी बोलतो तो, यांचा हिशेब आपण वेगवेगळा ठेवतो. कोरियनमध्ये हेच वाक्य बुजांग्निम ओश्यॉस्सॉ असे होईल. क्रियापदात मिसळलेला शी साहेबांसाठी आहे आणि शेवटी यो नसणे हे मित्रासाठी आहे. तेच वाक्य वरिष्ठाला सांगताना शेवटी यो लागेल. स्वतःविषयी बोलताना हा शी कधीही लावू नये.

संबोधनात मात्र फरक आहे आणि तेथे माझी चूक झाली होती. शब्दकोशात तुम्ही या अर्थी तांग्शिन हा शब्द सापडतो, आणि मी तो एका ग्राहक कंपनीच्या अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात वापरला. प्रत्यक्षात हा शब्द पती-पत्नींमध्ये, जाहिरातींत किंवा भांडणात येतो. कामाच्या ठिकाणी तो उद्धट वाटतो. कोरियन माणूस तुम्ही हे सर्वनामच टाळतो आणि आडनावापुढे पद व निम हा आदराचा प्रत्यय लावून हाक मारतो : सावॉन, देरी, ग्वाजांग, छाजांग, बुजांग अशी पदे चढत्या क्रमाने जातात. आपणही साहेब, मॅडम, काका, ताई म्हणून काम भागवतोच, तेवढेच लक्षात ठेवावे. काही कंपन्यांनी अलीकडे पदे गाळून नावापुढे फक्त निम लावण्याची पद्धत स्वीकारली आहे, म्हणून समोरच्या कंपनीत काय चालते ते आधी विचारून घ्यावे. कचेरीत दोन वाक्ये पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतात : आल्गेस्सुम्निदा, म्हणजे समजले, तसे करते, आणि ह्वागिनहागेस्सुम्निदा, म्हणजे तपासून घेते.

कामाचा ताण आणि परीक्षा

महिनाअखेरीचा हिशेब, लेखापरीक्षण किंवा ग्राहकाची पाहणी असेल, त्या आठवड्यात अभ्यास पूर्ण बंद करू नये आणि पूर्ण चालूही ठेवू नये. रात्रीची 15 मिनिटांची उजळणी तेवढी राखावी, नवे शब्द शून्यावर आणावेत आणि बसमध्ये जुनाच संवाद ऐकावा. उजळणी आठ दिवस तुटली की कार्डांचा ढीग साचतो आणि परत सुरू करण्याचा धीर होत नाही. नवे शब्द आठ दिवस थांबले तर काहीही बिघडत नाही. वर्षाच्या 48 आठवड्यांपैकी आठ-दहा असे जाणार हे आधीच धरून चालावे. त्यामुळे 1920 शब्दांचे 1550 होतील, पण तेही दुसऱ्या स्तराच्या मर्यादेत बसतात.

दहाव्या महिन्यात टोपिकच्या पहिल्या भागाच्या जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात. या भागात 40 मिनिटांत श्रवणाचे 30 आणि 60 मिनिटांत वाचनाचे 40 प्रश्न असतात. एकूण 200 गुणांपैकी 80 गुणांना पहिला आणि 140 गुणांना दुसरा स्तर मिळतो. लेखनाची परीक्षा या भागात नसते. निकाल दोन वर्षे ग्राह्य असतो, म्हणून नोकरीसाठी किंवा बढतीसाठी तो दाखवायचा असेल तर वेळ साधूनच परीक्षेला बसावे. वाचनात वेळ कमी पडतो तो शेवटच्या लांब उताऱ्यांना, आणि तेथे मराठी कामी येते : वाक्य शेवटच्या क्रियापदापर्यंत धीराने वाचत जाण्याची सवय आपल्या डोळ्यांना आधीपासून असते.

तिसऱ्या ते सहाव्या स्तरासाठीच्या दुसऱ्या भागात 50 मिनिटांचे लेखन येते, आणि त्यात आकडेवारीचा तक्ता पाहून 200 ते 300 अक्षरांत वर्णन करण्याचा एक प्रश्न असतो. दुसऱ्या वर्षाची तयारी म्हणून अकराव्या महिन्यापासून दर महिन्याच्या एक तारखेला आपल्याच विभागातील एखादा साधा तक्ता घ्यावा, गोपनीय आकडे बदलून टाकावेत, आणि मागच्या महिन्यापेक्षा काय वाढले, काय घटले आणि का, हे कोरियनमध्ये पाच वाक्यांत लिहून त्या आठवड्याच्या तासाला शिक्षकासमोर ठेवावे.